परीक्षेचा पेशंट

आमच्या घरात हुशार माणसं दोन. एक माझे धाकटे दीर आणि दुसरी मी. माझी परीक्षा कुणी घेतली नाही, त्यामुळे ते सिद्ध व्हायचं राहून गेलं. भावोजींची परीक्षा मात्र दरवर्षी असते. खरं तर परीक्षा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची असते, भावोजी नुसते कॉटवर पडून असतात. पण त्याआधीचा आठवडाभर आमच्या घरात जे चालतं ते बघून कुणालाही वाटेल की हेच डॉक्टर होणार आहेत. दाढीला नवं ब्लेड, शर्टाला कडक इस्त्री, टीव्हीचा आवाज बंद. "वहिनी, आज जेवणात तिखट नको हं. उद्या पेपर आहे."

भावोजींच्या पाठीच्या कण्याचा शेवटचा तुकडा जन्मापासूनच नाही. कमरेच्या खाली, आपण टेकून बसतो तिथे, माकडहाड आणि त्याच्या वरचं ते रुंद त्रिकोणी हाड असतं ना, ती दोन्ही त्यांच्याकडे बनलीच नाहीत. कणा वरून नीट येतो आणि मध्येच थांबतो. तिथलं हाड नाही म्हणून तिथल्या नसा धड नाहीत, नसा धड नाहीत म्हणून पाय वाढले नाहीत. ते गुडघ्यात दुमडलेले, बारीक, कायम मांडी घातल्यासारखे राहिले. लघवीवर ताबा नाही, ती ठरलेल्या वेळी नळी घालून काढावी लागते. वरचा माणूस मात्र भरभक्कम आहे. खांदे रुंद, दंड पिळदार, आवाज खणखणीत आणि जीभ माझ्याइतकीच तिखट. घरात ते चाकं लावलेल्या बुटक्या फळीवरून हातांच्या जोरावर फिरतात, बाहेर चाकाच्या खुर्चीतून. ती खुर्ची ढकलून ढकलून माझे गुडघे कामातून गेलेत, पण त्यात दुर्मीळ काही नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

दुर्मीळ म्हणजे भावोजी. लाखांत एखाद्याच मुलाला असं होतं, असं डॉक्टर सांगतात. लोक आपल्या जावयाला कौतुकानं लाखांत एक म्हणतात. आमच्या भावोजींना ते डॉक्टरांनी लेखी दिलंय.

ही परीक्षेची भानगड सुरू कशी झाली ते सासूबाई मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून बसल्या होत्या. बाळ जन्मल्यावर नातेवाईक यायचे, दुपटं वर करून बघायचे आणि चुकचुकत चहा पिऊन जायचे. सासूबाईंनी मग दुपटं घट्ट गुंडाळायला सुरुवात केली. मूल थोडं मोठं झाल्यावर त्या त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या प्रोफेसरांनी त्याला वर्गात नेलं, टेबलावर पालथं झोपवलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि मुलांना म्हणाले, "वा! किती सुंदर केस आहे बघा!" आपल्या मुलाला कुणी सुंदर म्हटलेलं सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या तिथेच हमसून रडल्या. प्रोफेसरांना वाटलं बाई घाबरली, त्यांनी पाणी मागवलं. पुढे त्या खात्यातून जेव्हा जेव्हा बोलावणं आलं, तेव्हा सासूबाई मुलाला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून घेऊन गेल्या. एकदाही नाही म्हणाल्या नाहीत.

मूल मोठं झालं तसं वर्गातून परीक्षेला बढती मिळाली. डॉक्टरीच्या शेवटच्या परीक्षेत मुलांना खऱ्या पेशंटसमोर बसवतात. चिठ्ठी काढायची, जो पेशंट येईल त्याला प्रश्न विचारायचे, तपासायचं आणि मग परीक्षकांना सांगायचं की याला काय झालंय. अशा परीक्षेसाठी चांगले पेशंट खात्याला जपून ठेवावे लागतात. बरे न होणारे, पण मरणारही नाहीत, असे. भावोजी त्या यादीत वर्षानुवर्षं पहिले. ज्याच्या नशिबी ते येतील त्याला सुवर्णपदक मिळण्याची शक्यता जास्त, असं मुलांमध्ये बोललं जायचं. म्हणून त्यांचं नाव पडलं मेडलकाका.

आणि मेडलकाका नुसते पडून राहत नसत. घाबरलेलं पोरगं समोर आलं की हे छताकडे बघत पुटपुटायचे, "आईला कुठला आजार होता ते विचारायचं राहिलं वाटतं." पोरगं बुद्धिमान असेल तर आईच्या मधुमेहाशी याचा संबंध जोडून तेवढ्यावर गाडी रुळावर यायची. मठ्ठ असेल तर हे स्वतःच कुशीवर वळायचे आणि शर्ट वर करायचे. बाकी सगळी हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत, त्यांची तोंडपाठ. जन्मापासून क्रमानं, एकही वाक्य इकडचं तिकडे न करता. शेवट नेहमीचा. "ताप नाही, सूज नाही, लघवीची नवी तक्रार नाही, दोन्ही किडन्या उत्तम." हे शेवटचं महत्त्वाचं, कारण अशा माणसाच्या किडन्या बिघडतात, तेव्हा त्या बिघडल्या नाहीत ना हे मुलांनी विचारायला हवं. भावोजींच्या किडन्या उत्तम होत्या. पहिल्या वर्षी तपासल्या तेव्हा.

सासूबाई गेल्या आणि त्यांच्याकडून मला प्रेशर कुकर, कपाटाची किल्ली आणि भावोजींच्या जन्माची हकिगत मिळाली. परीक्षेत आईचीही हिस्टरी विचारतात. आई नाही तर घरातलं कुणीतरी हवं, आणि माझा नवरा दवाखान्याच्या वासानं आडवा होणारा. म्हणून मी जाते. भावोजी जन्मले तेव्हा मी चार वर्षांची होते आणि भलत्याच गावात धुळीत खेळत होते, पण आता त्या बाळंतपणाचं मी असं वर्णन करते की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "साखर फार होती हो. पोटात बाळाची हालचाल अगदी कमी." एकदा एका मुलानं विचारलं, "त्रास झाला का बाळंतपणात?" मी रंगात आले होते. म्हटलं, "विचारू नका, मरता मरता वाचले." त्यानं कागदावर मला आई म्हणून लिहिलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, भावोजींच्या पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहिलं, आणि त्याला पास केलं.

एरवी भावोजी नोकरी करतात. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसतात. गावभरचे लोक सकाळपासून त्यांच्या कानात ओरडतात आणि हे शांतपणे विचारतात, "कधीपासून? थेंब थेंब की धार? पाणी स्वच्छ आहे की गढूळ?" कुणाच्या नळाला काय झालंय ते यांना लांबून कळतं. रागावलेली माणसं फोन ठेवताना आभार मानतात. घरी आल्यावर मात्र साहेब कुणाला काही विचारत नाहीत. म्हणतात, दिवसभर तेच केलंय.

एका वर्षी परीक्षेच्या आधी महिनाभर भावोजींचे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले. मला वाटलं झोप झाली नसेल. मग ताटात अन्न राहायला लागलं. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची त्यांची जुनी सवय, पण ते ताट चाटूनपुसून नावं ठेवायचे. आता म्हणायला लागले, तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतंय. हात खाजवायचे. कचेरीतून त्यांच्या साहेबांचा फोन आला की हे फोन कानाला लावून झोपतात, आणि पलीकडचा बिचारा आपल्या फुटलेल्या पाइपबद्दल बोलत राहतो.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"परीक्षा झाली की जाऊ."

"परीक्षा होईपर्यंत राहाल का?"

"वहिनी, अपशकुनी बोलू नका."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं मिळून ठरवा ना." माझ्या नवऱ्यानं संसारात घेतलेले सगळे निर्णय या एका वाक्यात बसतात. शेवटी मीच भावोजींना खुर्चीत घातलं आणि जवळजवळ पळवूनच दवाखान्यात नेलं.

ओपीडीतला डॉक्टर तरुण होता. आम्हाला बघताच तो खुर्चीतून उठलाच. "अरे! मेडलकाका!" हा भावोजींच्याच कॉटवरून पास झालेला. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला, बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं. मला वाटलं, आता काम झालं. मग त्यानं हसत विचारलं, "बोला काका, काय म्हणतेय तब्येत?"

आणि भावोजींनी सुरुवात केली. जन्मापासून. आईची साखर, पोटातली कमी हालचाल, न बनलेलं हाड, दुमडलेले पाय. एकही वाक्य इकडचं तिकडे नाही. डॉक्टरनं डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. आपले परीक्षेचे दिवस आठवून तो इतका खूश झाला होता की अधूनमधून पुढचं वाक्य तोच म्हणत होता. शेवटचं तर दोघांनी एकत्रच म्हटलं, "दोन्ही किडन्या उत्तम!"

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांचे डोळे बघा. जेवत नाहीत. बसल्या जागी झोपतात."

"थकवा असेल, काकू," तो म्हणाला. "परीक्षेचं टेन्शन!" दोघंही हसले. त्यानं टॉनिक लिहून दिलं आणि दारापर्यंत सोडायला आला. आमच्यासारख्यांना दवाखान्यात ओळख असावी असं लोक म्हणतात. ओळख नसती तर त्यानं निदान तपासलं तरी असतं.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात मी खुर्ची भिंतीला लावली आणि तोंड सोडलं. "खोटं का बोललात?"

"खोटं काय? केसमध्ये जे आहे तेच सांगितलं."

"मसणात गेली तुमची केस! लघवी कमी होतेय, हे का नाही सांगितलंत? मला काय कळत नाही? कपडे मी धुते तुमचे."

समोर किडनीवाल्यांची रांग होती. पिवळट चेहऱ्याची, सुजलेल्या पायांची माणसं हातात फाइली धरून भिंतीला टेकून बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भावोजींनी हनुवटीनं तिकडे दाखवलं.

"ते बघितलेत? किडनीचे पेशंट पैशाला पासरी आहेत, वहिनी. इथे आत मला बघून डॉक्टर उठून उभा राहिला. त्या रांगेत बसलो की मी कोण? आणि खात्याच्या मोठ्या सरांना कळलं की ते दुसरी केस शोधतील. मला एवढी एक जागा आहे जिथे माझ्याकडे बघून कुणाचा चेहरा पडत नाही. तेवढी राहू दे."

मला त्यांच्या कानशिलात मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. खुर्ची ढकलत घरी आणलं. दोन किडन्या कुजत होत्या आणि हा माणूस शर्टाला इस्त्री करून घेत होता. मी ती केली, कॉलर जाळेन अशी धमकी देत देत.

परीक्षेच्या दिवशी वॉर्डमामांनी आम्हाला नेहमीची खिडकीजवळची कॉट दिली. वॉर्डमामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने शिपाई, खरी परीक्षा तेच चालवतात. त्यांनी पडदा ओढला, उशी थोपटली आणि भावोजींच्या कानात म्हणाले, "पोरगी आहे. घाबरट दिसते. सांभाळून घ्या."

पोरगी आली ती पडद्यात अडकूनच. चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कागद. पेन उमटेना म्हणून तिनं ते तळहातावर घासून पाहिलं. मग भावोजींच्या पायांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच सांगून गेला की हिला यातलं काहीही माहीत नाही. मी मनात म्हटलं, गेलं हिचं पदक.

भावोजींनी छताकडे बघून सुरुवात केली, "आईला कुठला आजार होता ते..."

पोरीचं लक्षच नव्हतं. तिनं स्टूल ओढलं, त्यांच्या तोंडासमोर बसली आणि म्हणाली, "काका, आज काय त्रास होतोय तुम्हाला?"

"मला जन्मतःच कण्याचा खालचा भाग..."

"हो, ते मी लिहिते नंतर. पण आज? आज सकाळी उठलात तेव्हा काय होत होतं?"

हा प्रश्न त्यांच्या हकिगतीत नव्हताच. भावोजी गप्प झाले. त्यांचं लग्न झालं नाही, त्यांचं सगळं इतकी वर्षं मीच बघते, पण त्यांना असं शब्द न सुचून गप्प झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते पोरीकडे बघत राहिले. पोरगीही गप्प बसून राहिली. मला वाटतं तिला पुढचा प्रश्न माहीत नव्हता, म्हणून ती थांबली. पण थांबली खरी.

"आज," भावोजी म्हणाले, "आज चहा प्यायलो. तो पण लोखंडासारखा लागला."

आणि मग ते बोलत सुटले. चव नाही. झोप झाल्यावरही झोप येते. अंगाला खाज. नळी घातली तरी लघवी थोडीच येते, गढूळ येते. डोकं दुखतं. भीती वाटते. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. पोरीनं सगळं लिहून घेतलं. त्यांच्या पावलावर अंगठा दाबला आणि काढला, तर तिथे खळगा तसाच राहिला. तिनं रक्तदाब घेतला, भुवया उंचावून पुन्हा घेतला. वेळ संपत आली तरी तिनं पाठ पाहिलीच नव्हती. अगं, पाठ बघ, पाठ बघ, म्हणून मी मागून खुणा करत होते. शेवटी तिनं घाईघाईनं शर्ट वर केला, कमरेखालच्या त्या सपाट जागेवरून हात फिरवला आणि कागदावर मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलं.

मोठे सर आले. मुलाला सुंदर म्हणणाऱ्या त्या प्रोफेसरांचे हे विद्यार्थी, आता स्वतः खातेप्रमुख. त्यांच्याबरोबर बाहेरगावचे दुसरे परीक्षक होते. सरांनी भावोजींच्या खांद्यावर थाप मारली आणि पोरीला म्हणाले, "बोला."

ती बोलली. अंगावर सूज, लघवी कमी, तोंडाला चव नाही, रक्तदाब खूप जास्त. "सर, मला वाटतं यांच्या किडन्या निकामी होतायत."

सर हसले. "आणि पाठ?"

"पाठीत जन्मापासून काहीतरी आहे, सर. नाव... मला सांगता येत नाही."

सरांचं हसू गेलं. "विसेक वर्षं हे गृहस्थ इथे येतायत. त्यांच्या किडन्या उत्तम आहेत, हे या वॉर्डच्या भिंतींनासुद्धा माहितीय. ही हिस्टरी तुम्ही घेतलीत की मनानं रचलीत? चुकणं वेगळं आणि पेशंटच्या तोंडी खोटं घालणं वेगळं. त्याची शिक्षा नापास होण्याची नाही, परीक्षेतून काढून टाकण्याची आहे. कल्पना आहे ना?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भावोजींकडे बघत नव्हती, हे मला आजही आठवतं. बघितलं असतं तर ते तगादा लावल्यासारखं झालं असतं. ती कागदाकडे बघत राहिली.

"काका," सर म्हणाले, "तुम्हीच सांगा यांना. लघवीची काही तक्रार?"

भावोजींनी तोंड उघडलं. पुढचा शब्द मला माहीत होता. तो विसेक वर्षं एकाच जागी येत होता. तो आला असता तर पोरगी खोटारडी ठरली असती, भावोजी खिडकीजवळच्या कॉटवर राहिले असते आणि मला वाटतं वर्षाच्या आत आम्ही त्यांना पोचवलं असतं. मी स्टुलावरून उठले. मी ओरडणार होते, भर परीक्षेत.

"आहे, सर," भावोजी म्हणाले. "तक्रार आहे."

त्यांनी स्वतःच पावलावर अंगठा दाबला आणि हात बाजूला केला. सगळे त्या खळग्याकडे बघत राहिले.

"मी तुम्हाला दरवर्षी पहिल्या वर्षीचं सांगतोय. ही मुलगी सांगतेय ते आजचं आहे."

सरांनी चष्मा काढला. खाली वाकले, स्वतः दाबून पाहिलं, डोळ्यांखाली पाहिलं, रक्तदाब घेतला. वॉर्डमामा चहाचा ट्रे घेऊन पडद्याशी थांबले ते थांबलेच. बाहेरगावच्या परीक्षकांनी कुणाला न विचारता तपासण्या लिहायला घेतल्या.

"मला आधी का नाही सांगितलंत?" सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा झाला होता.

"तुम्ही मुलांना माझ्याबद्दल विचारायचात, सर. मला कुठे विचारलंत?"

भावोजी हे टोमण्यानं बोलले नाहीत. फोनवर तक्रार लिहून घेतात त्या सुरात बोलले.

त्याच दुपारी त्यांना दाखल केलं. एक किडनी संपली होती. दुसरी अर्धीमुर्धी हाताशी लागली. नळी आता जास्त वेळा, औषधं मूठभर, जेवणातलं मीठ गेलं. मिठाशिवाय माझा स्वयंपाक कसा लागतो हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्या रांगेतही ते बसले, फाइल हातात धरून, भिंतीला टेकून. पहिल्या दिवशी तोंड पाडून. दुसऱ्या खेपेला मी औषधं घेऊन परत येते तर रांगेतली चार डोकी त्यांच्याभोवती जमलेली, आणि हे सांगतायत, "लाखांत एक!"

ती पोरगी त्या परीक्षेत नापास झाली. मला कळलं तेव्हा मी सरांच्या खोलीत शिरले. म्हटलं, "जिनं माणूस वाचवला तिला नापास?" सर म्हणाले, "बाई, तिनं त्यांच्या किडन्या ओळखल्या. पण मुख्य आजार तिला ओळखता आला नाही. प्रश्न तो होता." मला पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. पुढच्या खेपेला ती पास झाली, कुणा खोकणाऱ्या म्हाताऱ्यावर. पेढे द्यायला आली होती. भावोजींना आता किती गोड चालतं ते आधी विचारून मग डबा उघडला.

आणि सरांनी दुसरी केस शोधली का? छे. पुढच्या वर्षी बोलावणं आणखी आदरानं आलं. आता हाडाबरोबर किडनीही होती, म्हणजे केस पहिल्यापेक्षा सरस झाली. इतके दिवस ज्या गोष्टीला भिऊन हा माणूस मरायला निघाला होता, तिनंच त्यांचा भाव वाढवला. मी कपाळावर हात मारला आणि शर्टाला इस्त्री केली.

फक्त भावोजींनी आता एक केलंय. ते छताकडे बघत नाहीत आणि पुटपुटतही नाहीत. विचारलेल्याचं उत्तर देतात, आणि मग पोराच्या तोंडाकडे बघत थांबतात. त्या वर्षी आलेला मुलगा अतिशय हुशार होता. आईची साखर, हाड, नसा, किडनी, एकूण एक विचारलं त्यानं, तपासलं, नाव बिनचूक सांगितलं. सरांनी मान डोलवली. सुवर्णपदक त्यालाच मिळालं. जाताना त्यानं भावोजींचे आभारही मानले. आज कसं वाटतंय, हे तेवढं विचारलं नाही. त्या सकाळी भावोजींना उलटी झाली होती.

आम्ही टॅक्सीनं परतलो. घरापाशी आमच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. त्यावरून खुर्ची चढवताना मी नेहमीप्रमाणे देवाचं नाव घेतलं आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं. भावोजी फळीवरून घरंगळत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, गुडघा कसा आहे?"

"ठीक आहे हो. काही नाही. वयानं असतं तेवढंच."

"हे परीक्षेतलं झालं," भावोजी म्हणाले. "आजचं सांगा."

मी गॅस बंद केला. ओट्याला धरून स्टुलावर बसले. ते खालून माझ्याकडे बघत होते, फोनवर बसतात तसे, घाई न करता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. "चढताना की उतरताना? एक की दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि पुढचं काही सांगायच्या आतच मला रडू फुटलं.